काखेत कळसा!

बालमित्रांनो, ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण तुम्हाला ठाऊक असेलच. पण ‘कळसा’ म्हणजे काय हो? सांगा पाहू!

मी आमच्या चौथीच्या वर्गात हाच प्रश्न विचारला. झटकन दहाबारा हात वर. “देवळाचा कळस, बाई!” आता मला सांगा, देवळाचा कळस काखेत कसा मावेल? सगळा वर्ग विचारात पडला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक हळू आवाज आला. “बाई, कळसा म्हणजे पाण्याची मोठी कळशी. तांब्याची असते. आमच्या घरी करतात.”

उत्तर अगदी बरोबर होतं. पण पुढच्या बाकावरचा एकजण फिसकन हसला आणि म्हणाला, “भांडीवाला!” मग आणखी दोघंतिघं हसले. उत्तर देणारा मुलगा गप्पकन खाली बसला. त्या दिवशी पुन्हा त्यानं हात वर केला नाही. हसणाऱ्यांना मी रागावले, पण रागावून काय होणार? त्याच्या घरी काय करतात हे मला तरी कुठं माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी निबंध होता, ‘माझे शहर’. अडतीस वह्या तपासायला घेतल्या. पहिल्या वहीत, ‘पुणे हे विद्येचे माहेरघर आहे.’ दुसऱ्या वहीत, ‘पुणे हे विद्येचे माहेरघर आहे.’ दहाव्या वहीपर्यंत तेच! मला राग येऊ लागला, आणि मग आठवलं की हे वाक्य फळ्यावर मीच लिहून दिलं होतं. या वर्षीच नव्हे, गेली कित्येक वर्षं.

एकच वही वेगळी निघाली. दिवाळीनंतर सोलापूर जिल्ह्यातून आमच्या शाळेत आलेल्या मुलीची. तिनं लिहिलं होतं, ‘इथे सगळ्या वारांच्या पेठा आहेत. गुरुवारी बुधवार पेठेत गेले तरी बुधवारच असतो. एका मारुतीचे नाव जिलब्या आहे. त्याला जिलब्या कोण देते हे मला कोणी सांगत नाही.’

मी खूप हसले. पण खरं सांगू? मग जरा वरमलेही. तिचे प्रश्न रास्त होते. आम्हा पुण्यात राहणाऱ्यांना ते कधी पडलेच नव्हते. काखेत कळसा असून आम्ही गावाला वळसा घालत होतो!

मग ठरलं. येत्या रविवारी आपलंच गाव बघायला जायचं. बस नाही, रिक्षा नाही, पायी. जानेवारीचा महिना, संक्रांत तोंडावर आलेली आणि सकाळची छान थंडी. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, घरोघरी चिठ्ठ्या पाठवल्या. बावीस मुलं, पाच आईबाबा आणि मी. नियम दोनच. रस्त्यात जोडीदाराचा हात सोडायचा नाही, आणि प्रत्येकानं वहीत अशा पाच गोष्टी लिहायच्या, ज्या आजवर त्यानं पाहिल्याच नव्हत्या.

हत्तीला अडवणारा दरवाजा

सकाळी सात वाजता आम्ही शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर जमलो. “बाई, हा तर आम्ही शंभरदा पाहिलाय!” असा सूर निघालाच.

“बरं, मग दारावर खिळे किती आहेत?”

सगळे चिडीचूप!

थोरल्या बाजीरावांनी या वाड्याचा पाया घातला तो १० जानेवारी १७३० रोजी. त्या दिवशी शनिवार होता. वास्तुशांत झाली १७३२ साली. पुढे १८२८ मध्ये मोठी आग लागली आणि आतला वाडा जळून गेला. उरला तो हा तट, त्याचे बुरूज आणि पाच दरवाजे. त्यांतला हा मुख्य दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे. उत्तरेला दिल्ली, म्हणून हा दिल्ली दरवाजा.

आता खिळ्यांकडे पाहा. ते पार खाली नाहीत आणि अगदी टोकालाही नाहीत. का बरं? त्या काळी दार फोडायला हत्ती आणत. हत्ती दाराला मस्तकानं धडक देई. त्याचं कपाळ जिथं लागेल नेमक्या त्याच उंचीवर हे अणकुचीदार खिळे आहेत. मुलांनी माना वर केल्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढे आपोआप हत्ती उभा राहिला! मग खिळ्यांच्या आडव्या ओळी मोजल्या, उभ्या ओळी मोजल्या, गुणाकार केला. उत्तर मी सांगणार नाही. तुम्ही जाल तेव्हा पाढे म्हणत मोजा.

एका मुलाला त्या अजस्र दारातलं छोटं दार दिसलं. ते दिंडी दार. रोजच्या येण्याजाण्याला एवढं मोठं दार कोण उघडणार? आणि दिंडीतून आत शिरणाऱ्याला वाकावंच लागतं. वाकलेला माणूस एकदम हल्ला कसा करील? एका छोट्या दारात केवढी अक्कल भरली आहे पाहा!

तिथून आम्ही लाल महालापाशी आलो. बाल शिवाजी जिथं राहिले, जिथं १६६३ साली महाराजांनी शायिस्तेखानाची बोटं छाटली, तो मूळ लाल महाल आता उरलेला नाही. आज दिसते ती त्याची आठवण म्हणून विसाव्या शतकात बांधलेली वास्तू. हे कळल्यावर दोघंतिघं हिरमुसले. पण खरं ते खरं. जुनं काय आणि नवं काय हे ओळखता येणं, ही सुद्धा पाहण्याचीच एक रीत आहे.

पुढे कसबा गणपतीला नमस्कार केला. हे पुण्याचं ग्रामदैवत आणि गणेशोत्सवातला मानाचा पहिला गणपती.

कसब्यातल्या पाट्या वाचत वाचत

कसबा ही पुण्यातली सगळ्यांत जुनी वस्ती. इथल्या आळ्यांची नावं मोठ्यानं वाचा म्हटलं. शिंपी आळी, तांबट आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा... “बाई, ही तर कामांची नावं आहेत!” हो ना! कपडे शिवणारे, तांब्याची भांडी घडवणारे, मडकी करणारे, कागद बनवणारे. ज्या काळी पत्त्याला पिन कोड नव्हता, त्या काळी माणसाचं काम हाच त्याचा पत्ता होता.

रस्त्याच्या कडेला सुगडी मांडून ठेवली होती. काळी, तांबडी, एकात एक रचलेली. संक्रांतीला बायका याच सुगड्यांत हरभरा, बोरं, उसाचे करवे, गाजर आणि तीळ भरून वाण देतात. एका मुलीनं सुगड कानाला लावलं आणि ओरडली, “समुद्र!” झालं. प्रत्येकाला कानाला सुगड लावायचं होतं. विकणाऱ्या मावशी मोठ्या प्रेमळ होत्या. म्हणाल्या, “ऐका गं बायांनो, पण फोडू नका हं.”

एका जुन्या वाड्याच्या चौकटीवर गणेशपट्टी कोरलेली होती. तिच्यावर चिमणीनं काड्या आणून ठेवल्या होत्या. शेजारीच पाटी होती, ‘बेल एकदाच वाजवा. आम्ही बहिरे नाही.’ पुणेरी पाट्यांबद्दल मुलांनी ऐकलं होतं. खरी पाटी पाहून बावीस जणांची जी खसखस पिकली, ती पुढचा चौक येईपर्यंत थांबेना. बेल मात्र कुणी वाजवली नाही!

ठण्, ठण्, ठण्!

आणि मग तो आवाज आला. लांबून, एका लयीत. ठण्, ठण्, ठण्!

आतापर्यंत रांगेच्या शेवटी राहिलेला आमचा तो शेवटच्या बाकावरचा मुलगा झपाझप पुढे आला आणि माझ्या शेजारून चालू लागला. “बाई, इकडून,” म्हणाला.

ही तांबट आळी. तांब्याची भांडी घडवणारे कारागीर. पेशव्यांच्या काळात त्यांचे पूर्वज कोकणातून इथं येऊन राहिले असं सांगतात. रविवार असूनही लग्नसराईमुळे दोनतीन कारखाने चालू होते. त्यांतला एक या मुलाच्या घरचा होता. आत त्याचे आजोबा जमिनीवर बसून एका हंड्यावर हातोडी मारत होते. हंडा त्यांनी एका लोखंडी खुंट्यावर अडकवला होता. एका हातानं ते हंडा जरा जरा फिरवत आणि दुसऱ्या हातानं ठोका देत. ठोक्याशेजारी ठोका, ओळीखाली ओळ. हंड्याच्या अंगावर चकाकत्या टिकल्यांची नक्षी उमटत होती.

“याला मठारकाम म्हणतात,” आजोबा म्हणाले. “नुसत्या शोभेसाठी नाही हं. ठोकून ठोकून तांबं कडक होतं. मऊ पत्र्याचं भांडं पोचतं, मठारलेलं टिकतं.”

मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला. तांबंच का? कारण तांब्यातून उष्णता भराभर पसरते. म्हणून पाणी तापवायचा बंब तांब्याचा. घंगाळ, तपेली, हंडा, घागर, सगळं तांब्यापितळेचं असे. पुढे स्टेनलेस स्टील आलं, प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या, गीझर आले, आणि बंब माळ्यावर गेले. आता कारागीर तांब्याच्या बाटल्या, दिव्यांच्या शेड, शोभेच्या वस्तूही करतात.

“पूर्वी या आळीत शिरलं की दोन माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागे,” आजोबा मला म्हणाले. “आता तुम्ही हळू बोललात तरी ऐकू येतं.”

मला काय बोलावं ते सुचेना.

आजोबांनी हातोडी मुलांकडे दिली. एकेकानं ठोका मारून पाहिला. कुणाचा तिरपा पडला, कुणाचा दुसऱ्याच ठोक्यावर. वर्गात फिसकन हसलेल्या पठ्ठ्याची हातोडी तर घसरून खुंट्यावरच आपटली! मग नातवानं हातोडी घेतली. ठण्, ठण्, ठण्. तीन ठोके, तिन्ही सारखे, तिन्ही एका ओळीत. कुणीही हसलं नाही. ज्याची हातोडी घसरली होती तोच म्हणाला, “ए, मला शिकव ना!”

आजोबांनी फळीवरून एक मोठी कळशी काढली. “हा घ्या तुमचा कळसा! आता सांगा, कुठं धरायचा?” सोलापूरकडची आमची मुलगी पुढे झाली आणि तिनं तो सरळ काखेत मारला. गावाकडे तिची आजी असंच पाणी आणते म्हणे. पुस्तकातली म्हण आमच्यासमोर अशी उभी राहिली.

निघताना मी त्या मुलाला विचारलं, “तू मोठेपणी हेच काम करणार का रे?”

तो म्हणाला, “मला आवडतं, बाई. पण बाबा म्हणतात, तू शिक, हे नको.”

त्याच्या बाबांचंही चूक नाही. या कामात श्रम फार आणि मिळकत थोडी. मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर मला हवं आहे.

एक गंमत मात्र सांगितली. तांबट नावाचा एक पक्षी आहे. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवागार, कपाळावर आणि छातीवर लाल टिळा. वड, पिंपळ, उंबर अशा झाडांची फळं तो आवडीनं खातो. उन्हं तापू लागली की झाडावर बसून तो सारखा ‘टुक्, टुक्, टुक्’ करत राहतो. कुणीतरी तांब्याचं भांडं ठोकत बसलंय असं वाटतं, म्हणून त्याचं नाव तांबट! उन्हाळ्यात कान देऊन ऐका. तुमच्या दारातल्या झाडावरही असेल.

पुण्यात गेंडा?

साततोटी चौकात आलो. सात तोट्या? हो, सात तोट्यांच्या हौदाचं नाव. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजला तळं बांधून तिथलं पाणी पुण्यात आणलं गेलं. सुमारे आठ किलोमीटर अंतर, आणि पंप नाही की वीज नाही! मग पाणी आलं कसं? कात्रज उंचावर, पुणे खाली. जमिनीखालून दगडी नळ बांधला आणि त्याला बेताचा उतार ठेवला. पाणी आपलं आपण चालत आलं. वाटेत ठिकठिकाणी गाळ खाली बसायची सोय होती आणि वर हवेसाठी उभी धुराडी होती. त्यांना नाव काय ठेवलं होतं ठाऊक आहे? उच्छ्वास! जणू नळ श्वास घेतोय. शहरातल्या हौदांत हे पाणी पडे आणि लोक तिथून भरून नेत. आता घरोघरी नळ आले, पण हौदांची नावं चौकांना चिकटून राहिली आहेत. काळा हौद, फडके हौद, साततोटी. आणि हौदावरून पाणी कशात भरून नेत असतील? “कळशीत!” सगळे एका सुरात ओरडले.

नागझरी ओलांडून आम्ही सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीच्या देवळासमोर आलो. आता एक कबुली देते. या देवळाजवळून बसनं मी कित्येक वर्षं गेले आहे, पण आत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्या दिवशी मुलांबरोबर मीही ते पहिल्यांदाच पाहिलं आणि जागच्या जागी थबकले.

काळ्या पाषाणाची दर्शनी भिंत, आणि तिच्यावर इंचभरही जागा मोकळी नाही. द्वारपाल, हत्ती, मोर, वेलबुट्टी. हे देऊळ १७५४ ते १७७० या काळात बांधलं गेलं. आतल्या गणपतीला तीन सोंडा आहेत आणि तो उंदरावर नाही, मोरावर बसला आहे! भिंतीवर संस्कृत लेख आहेत, तसाच एक फारसी लेखही आहे. आपल्या गावातल्या देवळात किती भाषा एकत्र नांदल्या पाहा.

“बाई, गेंडा!”

खरंच की! भिंतीवर एक गेंडा कोरलेला आहे आणि एक बंदूकवाला गोरा शिपाई त्याला साखळीनं बांधतो आहे. पुण्यात कुठला आलाय गेंडा? आणि देवळावर साहेबाचं काय काम? काही अभ्यासकांचा तर्क असा की १७५७ साली प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी बंगाल घशात घातला, त्याची ही निशाणी असावी. पूर्वेकडचा गेंडा म्हणजे तो मुलूख आणि साखळी म्हणजे गुलामी. तर्क खरा असेल तर केवढी नवलाची गोष्ट! तेव्हा पुण्यात मराठ्यांचं राज्य होतं, इथं इंग्रज यायला अजून अवकाश होता. पण एका पाथरवटानं धोका ओळखला आणि छिन्नीनं दगडावर लिहून ठेवला. वर्तमानपत्रं नव्हती, तेव्हाची ही बातमीच म्हणा ना!

जिलब्या कोण देतं?

आता सगळ्यांना भूक लागली होती. खाकऱ्याचे आणि लाडवांचे डबे उघडत, फडके हौदावरून रविवार पेठेतून आम्ही सोन्या मारुतीपाशी आलो. इथल्या लक्ष्मी रस्त्यावर सोन्याची दुकानं, म्हणून मारुतीही सोन्या! मग देवांच्या नावांची चढाओढच लागली. भिकारदास मारुती, डुल्या मारुती, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, गुपचूप गणपती, चिमण्या गणपती. एका आजोबांनी सांगितलं की पासोड्या विठोबासमोर पूर्वी पासोड्या, म्हणजे जाडजूड पांघरुणं, विकायला बसत. आणि पानिपतच्या पराभवाच्या वेळी मारुती दुःखानं डुलला म्हणून तो डुल्या, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणजे लोकांनी मनात जपलेली गोष्ट. ती इतिहास नसते, पण लोकांना काय लागलं होतं ते ती सांगते.

आणि जिलब्या मारुती? शेजारी एक हलवाई होता, तो मारुतीला जिलब्यांची माळ घालायचा, असं म्हणतात. सोलापूरकडच्या मुलीचा चेहरा काय खुलला! तिच्या प्रश्नाला अखेर उत्तर मिळालं होतं.

जिलब्या मारुतीच्या आधी मात्र आम्ही बुधवार पेठेत एका जागी थांबलो होतो. तिथं पाहण्यासारखं काहीच नव्हतं, तरीही. ती जागा भिडे वाड्याची. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी इथं मुलींची शाळा काढली. शिकवायला जाताना सावित्रीबाईंवर लोक शेण आणि चिखल फेकत, म्हणून त्या एक जादा लुगडं बरोबर नेत, हे तुम्ही पुस्तकात वाचलंच आहे. आठवड्यापूर्वीच, ३ जानेवारीला, आम्ही शाळेत त्यांची जयंती साजरी केली होती. तो वाडा पडका झाला होता. राष्ट्रीय स्मारकासाठी तो २०२३ च्या डिसेंबरात पाडण्यात आला.

“म्हणजे जुना वाडा आता कधीच दिसणार नाही?” एका मुलीनं विचारलं.

नाही दिसणार. तो उभा होता तेव्हा मी त्याच्यासमोरून किती वेळा घाईघाईनं गेले असेन, कधी मान वर करून पाहिलं नाही. आज ज्या शाळेत मी ‘बाई’ म्हणून उभी राहते, त्या माझ्या उभं राहण्याची सुरुवात तिथं झाली होती. मुलांनो, जी गोष्ट रोज दिसते, ती उद्याही असेल असं आपण धरून चालतो. ती तशी असतेच असं नाही.

मुली बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

शेवटचा थांबा, मंडई

मंडईत पोचलो तेव्हा सगळ्यांचे पाय दुखत होते. पण बोरांचा आणि कोवळ्या हरभऱ्याचा वास आला आणि दुखणं पळालं! १८८६ साली ही इमारत उघडली तेव्हा तिला मुंबईच्या गव्हर्नराचं नाव होतं, रे मार्केट. गंमत अशी की जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या बाजारावरच्या भल्यामोठ्या खर्चाला विरोध केला होता. आणि आज नाव कुणाचं? महात्मा फुले मंडई!

मध्यभागी उभं राहून वर पाहिलं. अष्टकोनी मनोरा, आणि त्याच्याभोवती आठ दिशांना पसरलेल्या आठ भुजा. भाजी घ्यायला येणाऱ्यांची नजर नेहमी खाली, गवार कोवळी आहे का ते बघण्यात! आम्ही सगळे माना वर करून उभे राहिलो, तर भाजीवाले काकाही वर पाहू लागले. “काय आहे वर?” म्हणाले. “तीस वर्षं बसतोय इथं, कधी पाहिलं नाही बुवा!” आणि त्यांनी खुशीनं मूठमूठ बोरं सगळ्यांच्या हातावर ठेवली. आंबट, गोड, थोडी तुरट. तोंड वेडंवाकडं करत करत सगळी फस्त!

सोमवारी पुन्हा निबंध लिहून घेतला. विषय तोच. फळ्यावर मी या वेळी काहीच लिहिलं नाही. अडतीस वह्यांत, सहलीला न आलेल्यांच्याही, कुठंच माहेरघर नव्हतं. जे आले नव्हते त्यांनी आपापल्या गल्लीतलं लिहिलं होतं. कुणी इस्त्रीवाल्याच्या कोळशाच्या वासाबद्दल, कुणी जिन्यातल्या तेरा पायऱ्यांबद्दल. आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाचा निबंध चारच ओळींचा होता. त्याची सुरुवात अशी होती, ‘आमच्या आळीचा आवाज लांबून ऐकू येतो. तो माझ्या आजोबांचा आहे.’

तुम्हीही करून पाहा!

१. गाव कोणतंही असो, मुंबई, नागपूर, मडगाव नाहीतर एखादी छोटी वाडी. रविवारी सकाळी तासभर पायी निघा. बरोबर घरातलं एक मोठं माणूस असू द्या.

२. रोज ज्या रस्त्यानं जाता, त्याच रस्त्यानं जा, पण अर्ध्या वेगानं. दुकानांच्या वरचा मजला पाहा. जुनी नक्षी, कमानी, कोरलेलं साल बहुधा तिथंच सापडतं.

३. एका चौकाचं, आळीचं किंवा देवळाचं नाव घ्या आणि ते कसं पडलं हे तीन वडीलधाऱ्यांना विचारा. तिघं तीन गोष्टी सांगतील. तिन्ही लिहून ठेवा.

४. डोळे मिटून एक मिनिट उभे राहा, अर्थात रस्त्यात नाही, कडेला! किती वेगवेगळे आवाज ऐकू आले ते मोजा.

५. हातानं काम करणारा एक कारागीर शोधा. चांभार, शिंपी, कुंभार, सुतार, कुणीही. त्याला वेळ असेल तर विचारा, “काका, हे कसं करतात?” आणि निघताना आभार मानायला विसरू नका.

आणि आईबाबांनो, एक विनंती तुम्हालाही. मुलांनी वाटेत थांबून “हे काय?” असं विचारलं, तर “चल लवकर, उशीर होतोय” म्हणण्याआधी क्षणभर तुम्हीही थांबा. उत्तर ठाऊक नसलं तर तसं सांगा आणि दोघं मिळून कुणालातरी विचारा. मलाही त्या रविवारी तसंच करावं लागलं.

काय मग, या रविवारी कुठं निघताय? काय सापडलं ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा. आणि हो, घरात माळ्यावर एखादा काळवंडलेला कळसा पडला असेल तर खाली काढा. चिंच आणि मीठ लावून घासा, लख्ख होईल. मग त्याच्या अंगावरून हळूच बोट फिरवा. कुणीतरी मारलेला एकेक ठोका बोटाला लागेल.